भजनाची नवी चाल संगणकावर बांधताना: खानापूर तालुक्यातल्या कामाच्या नोंदी

काम असं ठरलं: मंडळासाठी लिहिलेल्या एका नव्या अभंगाला संगणकावर चाल बांधायची आणि तिचा सरावाचा ट्रॅक तयार करायचा. पखवाज, टाळ, पेटी, तंबोरा आणि चाल दाखवणारी बासरी. मंडळात 22 जण आहेत. निम्मे रोज बेळगावला कामाला जातात, त्यामुळे एकत्र सराव फक्त गुरुवारी होतो. बाकीचे दिवस मोबाईलवर ऐकून पाठ करायचं. मुदत गणपतीच्या आधीची. असंच काम कुणी हाती घेतलं तर वेळ कुठे गेला ते आधी कळावं, म्हणून या नोंदी.

8 जून

संगणक जुना: चौथ्या पिढीचा आय-5, 8 जीबी रॅम, 11,000 रुपये. त्याची हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी बसवली, 1,800. पहिल्याच दिवशी चूक झाली. 1,900 रुपयांचा यूएसबी माइक घेतला. पखवाजाला दोन बाजूंनी दोन माइक लागतात आणि दोन यूएसबी माइक एकाच वेळी एका घड्याळावर चालत नाहीत. चार मिनिटांत दोन्ही आवाज एकमेकांपासून सरकतात. माइक परत घेतला गेला नाही. मग माइक संगणकाला जोडणारा दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस घेतला, 9,200. साधे कंडेन्सर माइक दोन, 6,800.

सॉफ्टवेअर आधी एलएमएमएस लावलं. पूर्ण मोफत आहे आणि नुसत्या नोटा मांडून चाल शोधायला चांगलं आहे. पण 1.2 आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करता येत नाही आणि एका मात्रेचे 48च भाग पडतात. मिनिटाला 84 मात्रांच्या लयीत एक भाग जवळपास 15 मिलिसेकंदांचा होतो. भजनाच्या ठेक्यात 8-10 मिलिसेकंदांची सरकासरक कानाला कळते. म्हणून रीपरवर गेलो. तिथे मात्रेचे 960 भाग आहेत, म्हणजे एक भाग पाऊण मिलिसेकंदाचा. 60 दिवस वापरून बघता येतं, नंतर छोट्या कामासाठीचा परवाना 60 डॉलरचा.

10 जून

पेटी मोजली. मंडळाची पेटी जुनी आहे आणि ट्यूनरवर 18 सेंट (एका अर्धस्वराचे 100 सेंट) चढी निघाली. म्हणजे पांढरी सहा 440 हर्ट्झऐवजी 444.6 वर बोलते. पुरुष काळी एकवर गातात. तिथला मधला सा 277.2 ऐवजी 280 वर आहे. ट्रॅक 440 वर केला असता तर घरी एक सूर पाठ झाला असता आणि गुरुवारी पेटीशी दुसराच ऐकू आला असता. पेटी बदलता येत नाही, तेव्हा संगणकातली सगळी वाद्यं 18 सेंट वर घेतली. हे पहिल्या दिवशी करा. नंतर केलं की प्रत्येक ट्रॅक पुन्हा उघडावा लागतो.

13 जून

चालीचा पहिला मसुदा. अभंग 6-6-6-4 अक्षरांचा. ध्रुवपद असं:

पेरणीच्या वेळे । आभाळ भरले । बीज अंकुरले । शेतामधी ॥

एका चरणाला आठ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी. स्वर भूप रागाचे पाच: सा, रे, ग, प, ध.

प्रकल्प 4/4 मध्येच उघडला होता आणि त्यात एक दिवस गेला. संगणक दर चार मात्रांनी रेघ मारतो आणि टिकटिकीचा जोर प्रत्येक रेघेवर देतो. त्यामुळे पाचवी मात्रा, जिथे ठेक्यात ‘खाली’ (बिनजोराची जागा) आहे, तीही समेसारखीच, म्हणजे पहिल्या मात्रेसारखीच, वाजायला लागली. दोन चरण तर समेऐवजी खालीवर चिकटवले गेले आणि ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. उपाय सोपा आहे: ताल 8/4 करायचा. एक रेघ म्हणजे एक आवर्तन. टिकटिकीचा जोर फक्त पहिल्या मात्रेवर.

15 जून

मसुदा बासरीवर छान वाटत होता, चौघांना गायला दिला तर शेवटच्या चरणापाशी सगळ्यांचा दम तुटला. कारण उघड आहे. संगणकातली बासरी श्वास घेत नाही. ‘शेतामधी’ या चार अक्षरांना आम्ही आठही मात्रा भरून टाकल्या होत्या आणि लगेच पुढचं ‘पेरणीच्या’ सुरू होत होतं. आता ‘शे-ता-म-धी’ पाच मात्रांत संपवलं, सहा-सात-आठ मोकळ्या ठेवल्या. त्या तीन मात्रांत टाळकऱ्यांना उठावही मिळतो. शेवटचा चरण चार अक्षरांचा असतो तो याचसाठी की काय, असं गाताना वाटतं.

तेव्हापासून नियम केला: कुठलीही ओळ माउसने मांडली की लगेच उभं राहून, टाळ हातात घेऊन, एकदा गायची. गाता आली तरच ठेवायची.

18 जून

गाण्याचे कागद. मंडळातली निम्मी पोरं कन्नड शाळेत शिकलेली. मराठी घरचीच, पण भरभर वाचायला त्यांना कन्नड लिपी बरी पडते. म्हणून दोन्ही लिप्यांत कागद काढले. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे लिहितात. हाताने लिहिताना ‘पे’ आणि ‘वे’ ऱ्हस्व पडले, आणि त्या कागदावरून गाणाऱ्यांनी ‘वेळे’ इतकं तोडून म्हटलं की सूर पोचायच्या आत अक्षर संपलं. नवे कागद काढले. मंडळ कन्नड दासपदंही (हरिदासांची भजनं) म्हणतं, त्यामुळे उलट्या बाजूनेही हीच काळजी लागते. देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व ए-ओ वर खूण करावी.

22 ते 25 जून

पखवाजाचे बोल रेकॉर्ड केले. तयार तबल्याचे संच मिळतात, पण वारकरी पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा त्यांत नाही. तो घुमारा नसेल तर टाळकरी लय धरत नाहीत. म्हणून ही मेहनत.

खोली: घराचं माजघर, एका भिंतीला भाताची पोती रचलेली. ती हलवू नका, खालचा घुमणारा आवाज तीच पितात. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून चार वाकळा टाकल्या. कौलांवर पाऊस सुरू झाला की काम बंद. पावसाचा आवाज साध्या सरीतसुद्धा नुसत्या खोलीपेक्षा 20 डेसिबलने वर जातो आणि तो नंतर काढता येत नाही, काढायला गेलं की पखवाजाची आस (थापेमागे रेंगाळणारा नाद) सोबत जाते. पहाटे चार ते सहा हीच वेळ मिळाली. लोंढ्याकडच्या रेल्वेमार्गाचा भोंगा तेव्हाही येतो. गाडी गेली की एक मिनिट थांबायचं.

पहिला दिवस पूर्ण वाया. डाव्या पुडीला (कातडी तोंडाला) लावलेली कणीक वाळत जाते, तसा आवाज चढतो आणि पातळ होतो. सुरुवातीचा ‘धा’ आणि तासाभरानंतरचा ‘धा’ एकाच वाद्याचे वाटेनात. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला: कणीक लावून पहिल्या वीस मिनिटांत फक्त डाव्या हाताचे आणि जोडबोल, मग नुसते उजव्या हाताचे. पुन्हा डाव्याची गरज पडली तर कणीक खरवडून ताजी लावायची. वरून पाणी फिरवून भागत नाही.

उजव्या पुडीचा त्रास उलटा. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. पहाटे सा वर मिळवलेली पुडी सहा वाजेपर्यंत 30-40 सेंट खाली आली होती. दर पंधरा मिनिटांनी ट्यूनर बघून वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी. हातभर अंतरावर 60 वॅटचा पिवळा बल्ब लावल्यावर उतरणं कमी झालं. बल्ब त्याहून जवळ नेऊ नका, शाईला (पुडीवरच्या काळ्या लेपाला) तडा जातो.

माइक दोन, दोन्ही पुड्यांपासून वीतभर, जरा वरून तिरके. एकत्र ऐकताना डाव्याचा ‘घे’ नाहीसाच झाला. डावी पुडी थापेने आत जाते तेव्हा उजवी बाहेर येते, म्हणून खालच्या आवाजात दोन माइक एकमेकांच्या विरुद्ध बोलतात आणि बेरजेत तो आवाज मिटतो. रीपरमध्ये एका ट्रॅकवरचं उलट फेजचं बटण दाबलं आणि ‘घे’ परत आला. आधी अर्धा दिवस माइक पुढेमागे सरकवण्यात घातला होता.

शेवटी 9 बोल, प्रत्येकाचे 4 जोर, प्रत्येक जोराच्या 3 थापा: 108 तुकडे. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. सगळ्यात जोरदार थाप उणे 12 डेसिबलवर राहील एवढाच आवाज घेतला.

28 जून

तुकडे कापायला सहा तास. इथे दोन चुका झाल्या, दोन्ही महागात पडल्या.

एक: प्रत्येक तुकडा स्वतंत्र नॉर्मलाइझ केला, म्हणजे ठरलेल्या टोकापर्यंत वाढवला. त्यामुळे हळू थाप आणि जोरदार थाप एकाच पातळीवर आल्या, बोटाने टिचकी मारलेला ‘ना’ ‘धा’ एवढा मोठा झाला. चारही जोर घेण्याचा अर्थच संपला. मूळ फाइली ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. सगळ्या 108 तुकड्यांना एकच वाढ द्यायची, इथे ती 10 डेसिबल दिली.

दुसरी: तुकड्यांना देवनागरीत नावं दिली. आमच्या सॅम्पलरने (हे तुकडे वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्या फाइली उघडल्याच नाहीत, चूक दाखवलीही नाही, नुसता गप्प राहिला. नावं रोमन लिपीत केल्यावर चालला.

मांडणी एसएफझेड फाइलीत केली. ती साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये लिहिता येते. थापेच्या जोराचा आकडा 1 ते 40, 41 ते 75, 76 ते 105, 106 ते 127 असे चार थर. तीन थापा आळीपाळीने वाजतील अशी ओळ प्रत्येकाला. ती ओळ नसताना ‘तिट तिट’ मशीनगनसारखं येतं.

2 जुलै

भजनी ठेका मांडला. आमच्याकडे म्हणतात तो असा: धिंऽ नाधिं ऽधिं नाऽ । तिंऽ नातिं ऽतिं नाऽ. आठ मात्रांचे सोळा अर्धे केले तर थापा 1, 3, 4, 6, 7 वर आणि मग 9, 11, 12, 14, 15 वर पडतात. संगणकाने त्या अचूक जागी ठेवल्या, आणि ठेका मेला. टाळ घेऊन सोबत बसलेल्यांना तो धरवेना.

मग एका जुन्या गुरुवारच्या भजनाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग रीपरमध्ये टाकून थाप अन् थाप मोजली. 3 तास लागले आणि पूर्ण कामातले हे तीन तास सर्वांत उपयोगी. अर्ध्यावर पडणाऱ्या थापा, म्हणजे 4, 6, 12 आणि 14, ठाय (संथ) लयीत उशिरा येतात. मिनिटाला 84 मात्रा असताना एक मात्रा 714 मिलिसेकंद, तिचा अर्धा 357. थाप मात्र 400च्या आसपास पडते. लय वाढते तसा हा उशीर आटतो. 132 ला मात्रा 455 ची, अर्धा 227, आणि थाप 236 वर. म्हणजे 43 मिलिसेकंदांवरून 9 वर. संगणकातलं स्विंगचं (अर्ध्यावरची थाप मागे सारण्याचं) एकच टक्क्याचं बटण पूर्ण गाण्याला लावलं तर द्रुतात ठेका लंगडतो. चार लयींसाठी चार वेगळे ठेके लिहिले: 56, 55, 53 आणि 52 टक्के.

पुढे-मागे करण्याचं यादृच्छिक बटणही वापरून पाहिलं. नको. वादकाचा हात चुकत नसतो, तो ठरलेल्या ठिकाणी थांबतो. टाळ तर समेला पखवाजाच्या किंचित आधी पडतो आणि खालीला जवळजवळ सोबत. हे मोजूनच लिहावं लागतं.

5 जुलै

लय चढवणं. आधी 84 पासून 132 पर्यंत सरळ चढती रेघ काढली. ऐकताना कुणीतरी चावी पिळतंय असं वाटतं. मोजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये लय पायऱ्यांनी चढते: अंतऱ्यात स्थिर, आणि ध्रुवपद दुसऱ्यांदा घेताना पखवाज पुढे ओढतो. आता 84, 96, 112, 132 अशा चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरी दोन आवर्तनांत चढते. 96 ला आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं होतं, तपासायला सोपं.

9 जुलै

तंबोरा खरा रेकॉर्ड केला, मिरजेचा. प, सा, सा, खर्ज (खालचा सा). बारा मिनिटं सलग, मग त्यातली स्वच्छ चार मिनिटं. त्यावर बासरी ठेवली आणि गंधार (ग) थरथरायला लागला.

कारण मोजता येतं. खर्जाच्या वरच्या सा ची तार 140 हर्ट्झची. तिच्यातच पाचपट आवाज आहे, 700 चा, आणि तो गंधारच आहे. संगणकाचा समान अंतराचा गंधार त्याच सप्तकात 176.4 चा, त्याचा चौपट आवाज 705.6. या दोहोंमधल्या फरकाने सेकंदाला साडेपाच झोके पडतात. ग 14 सेंट उतरवला की झोके थांबतात आणि तंबोरा एकदम स्थिर, शांत ऐकू येतो. हा फरक ज्याने एकदा ऐकला त्याला आधीचा गंधार पुन्हा सहन होत नाही.

लावलेले आकडे: रे 4 सेंट वर, ग 14 खाली, प 2 वर, ध 16 खाली. पिच बेंडने (नोटेचा सूर वरखाली सरकवणाऱ्या आज्ञेने) करायचं तर पल्ला दोन्हीकडे दोन अर्धस्वरांचा असताना एक सेंट म्हणजे 41 एकक. ग ला उणे 573, ध ला उणे 655. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हवी तिथे हीच किंमत शेवटचा मुक्काम म्हणून द्यायची. मींड शून्यावर संपवली की सगळं काम फुकट.

पेटी मात्र तशीच ठेवली. मंडळाच्या पेटीचा गंधार तसाच चढा आहे आणि सरावात तीच समोर असणार. ट्रॅकमध्ये पेटीचा आवाज कमी ठेवला आणि लांबलेल्या गंधारावर ती बंद ठेवली. गाणाऱ्याने तंबोऱ्यात मिळावं.

12 जुलै

वीज गेली, तीन तासांचं काम गेलं. स्वयंचलित जतन बंद होतं. आता दर पाच मिनिटांनी वेगळ्या फाइलीत जतन होतं. 600 व्हीएचा यूपीएस, 3,200.

14 जुलै

गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करताना दोन अडचणी. पहिली, 50 हर्ट्झची गुणगुण, आणि तिच्या 100-150 च्या पट्ट्याही. संगणक एका बोर्डवर, इंटरफेस दुसऱ्या खोलीतल्या दोन पिनांच्या बोर्डवर होता. सगळं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर आणलं, गुणगुण गेली. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. माइकला तोंड लागलेलं असतं, जिवावर बेतेल.

दुसरी, गायक सतत मागे पडत होता आणि दोष त्याच्यावर जात होता. बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तेवढे आवाजाचे नमुने) 1024 होता: 48 किलोहर्ट्झला 21 मिलिसेकंद, जाताना आणि येताना मिळून 42च्या वर. 128 वर आणला, म्हणजे 2.7. जुना संगणक कडकड करायला लागला, म्हणून पखवाज-टाळाचे ट्रॅक आधी आवाजाच्या फाइलीत गोठवले. तरी थोडा उशीर राहिला. इंटरफेसचं आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडून एक टिक वाजवली आणि परत आलेली टिक मोजली: 312 नमुन्यांचा फरक, साडेसहा मिलिसेकंद. ती संख्या रीपरच्या सेटिंगमध्ये भरली. गायक लयीत होता, पहिल्यापासून.

20 जुलै

महिला मंडळाने हीच चाल काळी चारवर मागितली, सात अर्धस्वर वर. बासरी लगेच उचलता आली, तंबोरा त्या पट्टीत पुन्हा रेकॉर्ड केला. पखवाजाचे तुकडे सात अर्धस्वर चढवले तर डबा वाजवल्यासारखे आले. दोन अर्धस्वरांपर्यंत चालतं, पुढे नाही. त्यांच्याकडे ढोलकी असते. तीच रेकॉर्ड केली, या वेळी दीड दिवसात, कारण कणीक, जोर आणि नॉर्मलाइझचे धडे झालेले होते.

27 जुलै

मिक्स. हेडफोनवर सुंदर, मोबाईलवर डावा घुमारा गायब. देवळाच्या भोंग्यावर तर पखवाज फक्त टकटक. मोबाईलचा छोटा स्पीकर आणि भोंगा, दोन्ही खालचा आवाज देऊच शकत नाहीत. 70 हर्ट्झ वाढवून उपयोग नाही, नुसता आवाज फाटतो. डाव्या माइकच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे 140, 210, 280 चे पट तयार झाले. मूळ 70 नसला तरी कान त्या पटांवरून तो पुरा करतो. मग 300 च्या आसपास 2 डेसिबल वाढ.

भोंगा मोनो असतो. मोनोचं बटण दाबून ऐकल्यावर टाळ अर्धा झाला, कारण तो रुंद करण्यासाठी एका बाजूला उशीर दिला होता. उशीर काढला. टाळ डावीकडे थोडा सरकवला, पुरे झालं. टाळाचा 5 किलोहर्ट्झचा चटका 3 डेसिबल उतरवला, नाहीतर भोंग्याखाली बसवत नाही.

आवाजाची सरासरी पातळी उणे 16 लुफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचं एकक), टोक उणे 1 डेसिबल.

30 जुलै

खर्च: संगणक 11,000, एसएसडी 1,800, इंटरफेस 9,200, माइक 6,800, केबल 1,100, स्टँड 1,300, 25 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड 4,600, यूपीएस 3,200, हेडफोन 2,400, परवाना रुपयांत 5,200च्या आसपास. 46,600. वाया गेलेला माइक वेगळा. यातला मिडी कीबोर्ड उसना मिळत असेल तर घेऊ नका. यूपीएस मात्र आधी घ्या.

3 ऑगस्ट

वाटप. 192 केबीपीएसचा एमपीथ्री, सात मिनिटांची फाईल 10 एमबी. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, आहे तशी पोचते. प्रत्येकाला तीन प्रती: पूर्ण ट्रॅक, गायकाशिवाय, आणि फक्त तंबोरा-पखवाज 84 च्या लयीत. घरात नेटवर्क न मिळणाऱ्या पाच जणांना पेनड्राइव्ह.

7 ऑगस्ट

देवळात पहिला एकत्र सराव. 84 आणि 96 घट्ट. 112 वर चढताना मागची रांग अर्ध्या मात्रेने सुटली, तीनदा त्याच जागी. ट्रॅक तपासला: तिथे पखवाज दोन आवर्तनं ओढतो, पण टाळ दुसऱ्या आवर्तनाच्या खालीपर्यंत जुन्याच जागी लिहिलेला होता. मागची रांग टाळ ऐकते, पखवाज तिला नीट पोचत नाही. टाळाच्या सोळा नोटा हलवल्या, फाईल पुन्हा काढली, आवृत्ती 7. जुनी सगळ्यांकडून पुसून घेतली आहे. पुढच्या गुरुवारी 112 पासून सुरुवात.